बेलेंच्या पुढे उतरायचं

नानांना मे महिन्यात लिस्बनला न्यायचं ठरलंय. मुलगी-जावई जर्मनीत असतात. त्यांनी तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं आणि मग नानांना फोन केला. परवा संध्याकाळी पारनाक्याच्या कट्ट्यावर येऊन नाना म्हणाले, "मी नाही जाणार. बर्लिन दाखवा, प्राग दाखवा, कुठंही न्या. पोर्तुगिजांच्या राजधानीत पैसे देऊन रांगेत उभा राहणार नाही."

वसईत असं कुणी म्हणालं तर ते सोडून देता येत नाही. आमच्या गावावर १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांचं राज्य होतं. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला त्याची गोष्ट इथल्या पोराला शाळेच्या आधी घरात कळते. मी गेल्या वर्षी लिस्बनमध्ये पाच दिवस राहून आलोय, त्यामुळे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. पहिला बोलला तो मात्र संकेत.

"नाना, दोनशे ऐंशी वर्षं झाली! त्या शहरात आज माझ्या वयाची पोरं ऑफिसला जातात, भाडं परवडत नाही म्हणून रडतात. त्यांनी तुमचं काय केलं? तुम्ही अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये बसा, ते कस्टर्डचे टार्ट खा, संध्याकाळी टेकडीवरून नदी बघा आणि या."

"त्या पोरांवर माझा राग नाही," नाना म्हणाले. "त्यांनी दाखवायला जे उभं केलंय त्यावर आहे. मुलीने यादी पाठवलीय. पहिला दिवस बेलें. त्यात काय? वास्को द गामाचं थडगं! मी हात जोडायचे का तिथे?"

मला नानांचा मुद्दा खोटा वाटत नाही, हे आधीच सांगतो. बेलें म्हणजे लिस्बनचा नदीकाठचा भाग. तिथे मी पूर्ण दिवस घालवला. जेरोनिमोश मठाचे दगड उन्हात मधासारखे दिसतात आणि आतल्या खांबांवरचं कोरीवकाम बघताना मान दुखते तरी खाली बघवत नाही. दारातून आत शिरलं की एका हाताला वास्को द गामा आणि समोर त्यांचा महाकवी कामोइंश, दोघं दगडात हात जोडून निजलेले. बाहेर नदीकाठी दर्यावर्दींचं ते प्रचंड स्मारक आहे. ते मात्र जुनं नाही. १९४०च्या प्रदर्शनासाठी आधी तात्पुरतं उभारलं होतं, काँक्रीट-दगडात पक्कं झालं १९६० साली, सालाझारच्या हुकूमशाहीत. गोवा तेव्हा अजून त्यांच्याच ताब्यात होता. जवळच्या एका चौकात उंच खांबावर अफोंसो द अल्बुकर्क उभा आहे, १५१० साली गोवा घेणारा. फिरायला आलेली माणसं त्याच्या पायाशी बसून आइसक्रीम खातात. मला तिथे बसवलं नाही.

मास्तर इतका वेळ गप्प होते. त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवलाय. ते म्हणाले, "नाना, तो मठ कुणाच्या पैशावर उभा राहिला माहितीय? राजा मॅन्युएलने आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर विसावा हिस्सा कर बसवला होता. म्हणजे शेकड्याला पाच. त्या मठाच्या खांबाखांबात आपल्या किनाऱ्याचा माल आहे. आपला पैसा जिथे लागला ती वास्तू बघायला आपणच नाही जायचं?"

"चोरीचा माल बघायला चोराच्या घरी जायचं?"

"हो, जायचं. मोजून यायचं."

हे ऐकून मी मोबाइलमधले फोटो काढले. मला तिथे जे सगळ्यात जास्त भिडलं ते गाइडने दाखवलेलं नव्हतं. मठाच्या गाभाऱ्यात मॅन्युएल आणि त्याचा मुलगा यांच्या कबरी आहेत, आणि त्या कबरी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. पोर्तुगालच्या राजांना मेल्यावरही हत्तींनी तोलून धरलंय. बेलेंच्या बुरुजावर एका कोपऱ्यात, छोट्या मनोऱ्याच्या बुडाशी गेंड्याचं तोंड कोरलंय. झिजून गेलंय, कुणी दाखवलं नाही तर कळतही नाही.

मास्तरांचा चेहरा उजळला. "मुजफ्फरशहाचा गेंडा!"

मग ती गोष्ट त्यांनीच सांगितली. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि २० मे १५१५ला तो लिस्बनच्या धक्क्याला लागला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळून गेला. नंतर राजाने तो पोपला नजराणा म्हणून धाडला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, आणि साखळीने बांधलेला असल्याने त्या जनावराला पोहता आलं नाही. जर्मनीत ड्यूरर नावाच्या चित्रकाराने त्याला न पाहता, दुसऱ्याच्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून चित्र कोरलं आणि तेच जगभर गेलं.

"आणि नाना," मास्तर म्हणाले, "तेव्हा वसई त्याच सुलतानाच्या राज्यात होती. तिथे त्यांनी आपला गेंडा कोरलाय, इथे नारोशंकराच्या देवळात नाशिकला त्यांची घंटा टांगलीय. तू दर श्रावणात जाऊन ती वाजवतोस."

नाना काही बोलले नाहीत. फ्रान्सिस बोलला.

फ्रान्सिसची केळीची बाग आहे, आणि बाहेरून आलेले लोक त्यालाच हटकून विचारतात की तुम्हाला पोर्तुगालबद्दल जवळीक वाटत असेल ना. त्याला ते मनापासून लागतं. "माझे पूर्वज या मातीतलेच. आम्ही मिस्सा मराठीत करतो. मला त्या वास्कोचं काही देणंघेणं नाही," तो म्हणाला. "पण याने मला त्या जळक्या देवळाचं सांगितलं होतं. ते सांग नानाला."

ते देऊळ म्हणजे साओ दोमिंगोशचं चर्च, शहराच्या अगदी मधोमध, रोसियो चौकाच्या कोपऱ्यावर. १५०६ साली ईस्टरच्या सुमारास याच देवळापासून दंगल उसळली आणि बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल झाली. बाहेर आता त्यांच्या नावाने दगड बसवलाय, त्यावर ज्यूंचा तारा आहे. रोसियोतच इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाचा वाडा होता. आज त्या जागी राष्ट्रीय नाट्यगृह आहे. १९५९ साली देवळाला आग लागली. छत नवीन घातलं, पण खांब आणि भिंती तशाच ठेवल्या, तडकलेल्या, उललेल्या, सोललेल्या. दुपारी मी आत गेलो तेव्हा चार-पाच म्हाताऱ्या बायका गुडघे टेकून बसल्या होत्या. मठातून बाहेर पडताना माझ्या तोंडून वा निघालं होतं, इथे आवाजच फुटला नाही.

"इन्क्विझिशन गोव्यात १५६०ला आलं, वसईही त्याच्या हद्दीत होती," फ्रान्सिस म्हणाला. "त्याची सुरुवात जिथून झाली ते शहर आपल्याच लोकांना आधी जाळत होतं, हे मला इथे कुणी शिकवलं नव्हतं. नाना, माझ्याकडे पैसे असते तर मी बेलें सोडून त्या देवळात गेलो असतो."

संकेत म्हणाला, सुट्टीत एवढं जड कशाला. मला त्याचं पटत नाही, पण एक खरं की लिस्बन रडवणारं शहर नाही. तिथल्या फुटपाथवरचे पांढरे-काळे दगड पायाखाली गुळगुळीत झालेत, गल्ल्यांत कपडे वाळत असतात, घरांच्या दर्शनी भिंतींना निळ्या फरशा. तेजू नदी इतकी रुंद की पहिल्या दिवशी मला आपली खाडीच आठवली. आणि ते शहर स्वतःही एकदा संपलेलं आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक सकाळच्या मिस्सेला देवळात, तेवढ्यात भूकंप. मग समुद्र आत आला, मग मेणबत्त्या-चुलींनी आगी लागल्या. कार्मूच्या देवळाचं छत तेव्हा कोसळलं ते त्यांनी परत घातलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या आहेत, वर आभाळ. नानांना ते दाखवलं तर ते लगेच म्हणतील, हे आपल्या किल्ल्यातल्या देवळासारखं आहे. मला तसंच वाटलं होतं. त्याच कार्मू चौकात २५ एप्रिल १९७४ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान सैनिकांच्या गराड्यात सापडला आणि शरण आला. लोकांनी बंदुकांच्या नळीत कार्नेशनची फुलं खोवली. वर्ष संपायच्या आत नव्या सरकारने गोवा भारताचा हे कागदावर मान्य केलं.

"हे सगळं ठीक," नाना म्हणाले. "पण त्यात माझं माणूस कुठे आहे? हत्ती आहे, गेंडा आहे, माल आहे. माणूस?"

हा प्रश्न मीही तिथे घेऊन हिंडलो होतो. उत्तर मला ट्रेनमध्ये मिळालं.

लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्टेशनातून कश्काइशच्या समुद्रकिनाऱ्याला लोकल जाते. प्रवासी टॉवेल, चटया घेऊन त्यात बसतात. वाटेत बेलें लागतं, आणि थोडं पुढे काशियश. तिथल्या टेकडीवरच्या किल्ल्यात तुरुंग आहे, आणि त्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचे. मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात सावईवेऱ्याला पोरांना मराठी शिकवायला गेले आणि गोवा सोडवण्यासाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, १९६० साली पोर्तुगालला हलवलं. गोवा १९६१च्या डिसेंबरात सुटला. रानडे सुटले नाहीत. इकडे लोकांना मोकळं आभाळ मिळालं आणि ज्याने त्यासाठी गोळ्या खाल्ल्या तो त्यानंतर सात वर्षं तिथेच. सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं तेव्हा १९६९च्या जानेवारीत ते बाहेर आले. गोव्याच्याच लढ्यातले तेलो मास्करेन्हस त्यांच्याही नंतर, १९७०ला.

"तिथे पाटी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मला काही दिसलं नाही. तुरुंग आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. मी फलाटावर उभा राहिलो. दोन गाड्या सोडल्या."

हे सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही. त्या फलाटावरून समुद्र अगदी जवळ आहे. पंचविशीतला मुलगा पकडला गेला आणि अडतिसाव्या वर्षी सुटला.

मग मी अल्जूब नावाच्या जुन्या तुरुंगाचं सांगितलं, कारण ते नानांना आत जाऊन बघता येईल. मोठ्या चर्चला लागूनच आहे, अठ्ठावीस नंबरची ट्राम त्याच्या दारावरून घासून जाते आणि सगळे चर्चचा फोटो काढायला दुसरीकडे बघत असतात. १९२८ पासून १९६५ पर्यंत तिथे राजकीय कैदी ठेवायचे. जेमतेम आडवं पडता येईल अशा कोठड्या. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. पोर्तुगीज शिक्षक, छापखान्यातले कामगार, विद्यार्थी, सगळे तिथे कोंडले गेले. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या टी. बी. कुन्हांना ज्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं, तोही आता संग्रहालय झालाय. सालाझारने आपल्याला आणि त्यांना एकाच प्रकारच्या कोठड्यांत घातलं होतं. संकेतला नानांनी उत्तर द्यायला हवं होतं ते हे होतं असं मला वाटतं.

"तुरुंग हा शब्दसुद्धा त्यांचाच," मास्तर हळूच म्हणाले. "पाव, चावी, पगार, लिलाव, आणि तुरुंग."

बराच वेळ कुणी बोललं नाही. नाना रोज संध्याकाळी किल्ल्यात फेरी मारतात. बालेकिल्ल्याच्या दरवाजावर कड्यांचा जो गोल कोरलाय तो मॅन्युएल राजाचा शिक्का, आणि बेलेंच्या बुरुजावर तोच गोल जागोजाग आहे. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरून त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले. मग मोबाइल परत दिला.

नाना पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेत. चौतीस वर्षं विरार गाडीने गेले-आले.

"काशियशला फास्ट थांबते का?" त्यांनी विचारलं.

"नाही नाना. स्लोने जायचं."