ई-पुस्तक स्वस्त असावे, पण कोणाच्या वाट्यातून?

"कागद नाही, छपाई नाही, मग ई-पुस्तकाला एवढे पैसे कशाचे?" हा प्रश्न वाचनप्रेमी मित्रांकडूनच मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यातले निम्मे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. कागद, छपाई, बांधणी, गोदामाचे भाडे आणि वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या प्रतींचा भार, हे सारे ई-पुस्तकात वाचते आणि ते वाचलेले पैसे वाचकाला परत मिळायलाच हवेत. मात्र संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि अनुवाद असेल तर मूळ हक्कांची रक्कम व अनुवादकाचे मानधन, हा खर्च एकही प्रत छापली नाही तरी करावाच लागतो. विक्रेत्याचे कमिशनही संपत नाही. ते दुकानदाराऐवजी संकेतस्थळाकडे जाते. म्हणून तीनशे रुपयांच्या कादंबरीचे ई-पुस्तक तीस रुपयांना मागणे म्हणजे लेखकाच्या मानधनालाच हात घालणे आहे, असे मला वाटते.

तरीही किंमत कमी असावी, याचे मला सर्वांत पटणारे कारण खर्चाशी संबंधित नाही. वडिलांच्या कपाटातली पुस्तके आज माझ्याकडे आहेत. त्यांतली काही मी मैत्रिणींना दिली, काही गावच्या वाचनालयाला दिली आणि त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. ई-पुस्तक 'विकत घेतो' तेव्हा आपण बहुधा वाचण्याचा परवाना घेत असतो. 2009 च्या जुलैमध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या, विक्रेत्याकडे हक्क नसलेल्या आवृत्त्या ग्राहकांच्या किंडल या ई-वाचन यंत्रांमधून परस्पर काढून टाकल्या. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तिथून घेतलेली पुस्तकेही गेली. दोन्ही वेळा पैसे परत मिळाले, पण पुस्तक वाचकाला न विचारता हातातून गेले. जी वस्तू उसनी देता येत नाही, जुन्या बाजारात विकता येत नाही आणि मुलांच्या हाती ठेवता येत नाही, तिची किंमत छापील पुस्तकाइतकी कशी असेल?

ई-पुस्तक कमी दर्जाचे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. डोळे अधू झाल्यावर माझी आई पडद्यावर अक्षर मोठे करूनच वाचू लागली. परदेशातल्या मराठी माणसाला तर पुस्तकापेक्षा टपालखर्चच जड होतो.

ई-पुस्तक स्वस्त असावे, तर सरकारी करधोरण मात्र नेमके उलट आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ई-पुस्तकावर आधी 18 टक्के होता. 2018 च्या जुलैमध्ये तो 5 टक्क्यांवर आला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकासाठी. म्हणजे छपाईचा खर्च न झेपल्यामुळे केवळ ई-पुस्तक काढणाऱ्या नवोदित लेखकाच्या वाचकाने अधिक कर भरायचा. ब्रिटनने 2020 च्या मे महिन्यापासून ई-पुस्तकावरचा मूल्यवर्धित कर शून्यावर आणला. आपल्याकडेही छापील आवृत्ती असो वा नसो, प्रत्येक ई-पुस्तकाला छापील पुस्तकाचीच करमाफी मिळावी, ही मागणी प्रकाशक आणि लेखक संघटनांनी एकत्रितपणे जीएसटी परिषदेपुढे मांडायला हवी.