रॉक रेडिओ आणि एकट्या बंडखोराची गोष्ट

रेडिओवेड्या मंडळींमध्ये एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: '१९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू या डीजेने एकट्याच्या हिमतीवर एफएमवर रॉक आणला. डीजेला पहिल्यांदाच मनाजोगती गाणी लावता आली. पुढे बड्या कंपन्या आल्या आणि त्यांनी हे स्वातंत्र्य गिळलं.' गोष्ट झकास आहे, पण बरीचशी खोटी.

आधी ते 'एकट्याच्या हिमतीवर'. डोनाह्यू केएमपीएक्स स्टेशनवर आला ७ एप्रिल १९६७ ला. तिथेच लॅरी मिलर हा डीजे फेब्रुवारीपासून रात्र-रात्र फोक-रॉक वाजवत होता. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर-एफएमवर तर १९६६ मध्येच रॉक सुरू झाला होता, तोही सरकारी नियमामुळे. तोवर बहुतेक मालक आपल्या एएम (म्हणजे जुन्या, मध्यम लहरींवरच्या) स्टेशनचाच कार्यक्रम एफएमवर जसाच्या तसा सोडत. १९६४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ठरवलं, की लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत निम्म्याहून अधिक वेळ अशी नक्कल चालणार नाही. मालकांनी शक्य तितकी टाळाटाळ केली. पण रिकामे तास कशाने तरी भरायलाच हवे होते. (सरकारी फतव्याने रेडिओचं भलतंच काही होणं आपल्याला नवं नाही. १९५२ मध्ये तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरच्या फिल्मी गाण्यांना कात्री लावली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले.) केएमपीएक्सला जोडीचं एएम स्टेशन नव्हतं, त्यामुळे हा नियम तिथे लागू नव्हता. तिथे कारण आणखी साधं: परभाषिक कार्यक्रमांना तास विकून कशीबशी तग धरलेलं ते स्टेशन होतं. गमावण्यासारखं काही नसलं की मालकही उदार होतो.

'पहिल्यांदाच' हा शब्द तर सरळ चूक. १९५१ पासून क्लीव्हलंडमध्ये अ‍ॅलन फ्रीड हा डीजे स्वतःच्या पसंतीच्या तबकड्या लावत होता. मेम्फिसमध्ये ड्यूई फिलिप्सही. मग १९५९-६० मध्ये 'पेओला'चं प्रकरण फुटलं, म्हणजे गाणं वाजवण्यासाठी डीजेने रेकॉर्ड कंपन्यांकडून पैसे खाणं. फ्रीडची नोकरी गेली आणि १९६२ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर ३०० डॉलर दंड झाला. त्यानंतर अनेक स्टेशनांनी गाणी निवडायचं काम डीजेकडून काढून प्रोग्रॅम डायरेक्टरकडे दिलं. म्हणजे डोनाह्यूच्या पिढीला मिळालं ते आधी काढून घेतलेलंच. डोनाह्यू स्वतः केवायए स्टेशनवर टॉप ४०, म्हणजे ठरलेली लोकप्रिय गाणीच पुन्हापुन्हा, वाजवणारा गडी. तिथली घुसमट त्याने आतून पाहिली होती. लांबलचक अल्बम ट्रॅक, एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारी गाणी, आरडाओरड न करता श्रोत्याशी बोलणं, हे त्याचं खरं श्रेय, आणि ते मोठं आहे.

राहता राहिल्या कंपन्या. मार्च १९६८ मध्ये केएमपीएक्सच्या कर्मचाऱ्यांनी संप केला आणि डोनाह्यूसह बरेच जण गेले ते केसॅनमध्ये. हे स्टेशन कुणाचं? मेट्रोमीडियाचं, म्हणजे बऱ्याच शहरांत स्टेशनं बाळगणाऱ्या बड्या कंपनीचं. १९६७ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये याच धाटणीवर आलेलं डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमही तिचंच. कंपनी शेवटी आली नाही. पहिल्या वर्षापासून पगार देणाऱ्यांत तीही होती.

सत्तरच्या दशकात ली अब्रम्ससारख्या सल्लागारांनी श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन याद्या आखल्या, डीजेची निवड आक्रसली, एवढं त्या मजकुरात बरोबर आहे. डोनाह्यू १९७५ मध्ये वारला. केसॅनने १९८० मध्ये रॉक सोडून कंट्री संगीत धरलं.