रात्रीचे तास कुणाच्या हिशोबात?

आई शेवटचे चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. तिच्या पलंगाला लागून एक अरुंद दिवाण टाकला होता, त्यावर आईच्या देखभालीसाठी एजन्सीने पाठवलेल्या मावशी झोपायच्या. झोपायच्या म्हणजे आडव्या व्हायच्या. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. खोकला आला की डोकं उंच करायचं, डायपर ओला झाला की बदलायचा. पहाटे तीनला भ्रमात आई घाबरून हाका मारायला लागली की तिचा हात धरून बसायचं. मी शेजारच्या खोलीत असायचे. मला झोप लागायची ती मावशी जाग्या आहेत म्हणूनच.

एजन्सीच्या कागदावर 'चोवीस तास मुक्कामी' असं लिहिलं होतं आणि पगार मात्र एका पाळीचा. आठ तास धरले तर उरलेल्या सोळांचं काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. 'राहणं-जेवण आहेच की', असं मीच कुणाला तरी म्हटल्याचं आठवतं. त्याची आज लाज वाटते.

हा प्रश्न माझ्या एका घराचा नाही, तो न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. 2021 साली तीन महिन्यांच्या अंतराने दोन देशांत त्यावर निकाल लागले. ब्रिटनमध्ये एक बाई दोन अपंग व्यक्तींच्या घरी रात्री दहा ते सकाळी सात मुक्कामाला असायची. त्या नऊ तासांचे तिला साधारण 29 पौंड मिळायचे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये सांगितलं की झोपायची मुभा असलेल्या रात्रीत प्रत्यक्ष उठून काम केलं तेवढ्याच वेळाला किमान वेतन लागू होतं. जूनमध्ये जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयापुढे एका बल्गेरियन बाईचा दावा होता. करारात आठवड्याचे तीस तास, पण नव्वदी पार केलेल्या आजींच्या घरातच तिचा मुक्काम. तिथे न्यायाधीश म्हणाले, हाकेला ओ देण्यासाठी थांबून राहणं हेही काम आहे, त्यालाही किमान वेतन द्यावं लागेल.

मला दुसरा निकाल पटतो. रात्री एकदाच उठावं लागलं असेल, पण त्या एका वेळेसाठी ती बाई रात्रभर स्वतःच्या घरापासून लांब होती. अग्निशमन दलाच्या जवानाला आपण फक्त आग विझवल्याचे पैसे देत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी त्यात आहेच. शिवाय ज्या वेळेत माणूस स्वतःच्या मनाप्रमाणे वागू शकत नाही, घराच्या दिमतीला असतो, ती वेळ कामाची धरावी असंही म्हटलंय. पण किती धरायची ते देशाच्या कायद्यांवर सोडलंय आणि सगळा घोळ तिथेच आहे. याच संघटनेच्या अंदाजाने जगात साडेसात कोटींहून जास्त घरकामगार आहेत, चारातल्या तीन बायका, आणि पाचातल्या चौघांचं काम कुठल्याच नोंदीत नाही.

अमेरिकेत तर 1974 च्या दुरुस्तीने घरकामगारांना किमान वेतन दिलं आणि त्याच दुरुस्तीत म्हाताऱ्यांची 'सोबत' करणाऱ्यांना वगळलं. एव्हलिन कोक नावाच्या सेविकेने ओव्हरटाइमसाठी दावा लावला, 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती एकमताने हरली. नियम बदलायला 2013 उजाडलं. तोवर ती हयात नव्हती. सोबत! दीडशे वेळा उचलून बसवणं, पुसणं, भरवणं, आणि कायद्यात शब्द काय, तर सोबत.

या कामात उतरंडही आहे. हॉस्पिटलच्या नर्सची नोंदणी असते, तिची पाळी संपते, ती पुढच्या नर्सला पेशंट सोपवून घरी जाते. (तिचेही हाल आहेत, ते मी नाकारत नाही.) घरी येणारी सेविका जड पेशंटला एकटीच उचलते आणि पाठ गेली तर कामही जातं. दिवसात चार-पाच घरं करणारीला घरांमधल्या प्रवासाचे पैसे बऱ्याच ठिकाणी मिळतच नाहीत. परदेशातून आलेलीचा व्हिसा मालकाला बांधलेला असेल तर ती तक्रार करणार तरी कशी? जखम तीच, ड्रेसिंग तेच, पण हात कुणाचे यावर मोल ठरतं.

ते मोल बदलता येतं. न्यूझीलंडमध्ये क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धाश्रमातल्या सेविकेने 2012 मध्ये दावा केला की हे बायकांचं काम समजलं जातं म्हणूनच पगार कमी आहे. 2017 मध्ये सरकारने दोन अब्ज न्यूझीलंड डॉलरची तडजोड केली आणि सुमारे 55,000 जणांचे पगार वाढले. वीस वर्षं हेच काम केलेल्या बाईने ते करून दाखवलं, म्हणून मला त्याचं मोठं अप्रूप आहे.

कुणी म्हणेल, सगळ्या तासांचे पैसे द्यायचे तर सामान्य घराला परवडणार कसं? खरंच परवडणार नाही. आम्हालाही परवडलं नसतं. म्हणूनच हा खर्च एकट्या घराने उचलायचा नाही, शाळा-दवाखान्यासारखा सरकारने उचलायला हवा. पण तोवर ती तूट मावशींच्या झोपेतून भरून काढायची, हे कुणी ठरवलं?

आई पहाटे गेली. तिचं अंग शेवटचं मावशींनीच पुसलं, केस विंचरले, आणि मग भिंतीला टेकून बराच वेळ रडल्या. दुपारी एजन्सीचा फोन आला. दुसऱ्या घरी लगेच माणूस हवं होतं. नाही गेल्या तर पुढचं काम कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. संध्याकाळी त्या पिशवी भरून निघाल्या. मला ऑफिसने सात दिवसांची भरपगारी रजा दिली होती.