‘दोन दिवस गल्ली बंद आणि झाड तिथेच’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

वादळात फांदी मोडलेल्या झाडाच्या छाटणीच्या आमच्या कामाला एक स्टार देताना तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात: गल्ली दोन दिवस बंद राहिली, ‘पूर्ण काढा’ सांगूनही झाड उभंच आहे, कापलेल्या फांदीच्या बुडाशी गाठ तशीच सोडली आणि कापावर डांबर फासलं नाही. पहिल्या तक्रारीत निम्मी चूक आमची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिल्या संध्याकाळी माणसं फक्त रस्ता अडवून गेली, हे खरं. मोडलेली फांदी वीजतारेला टेकली होती. तार बंद करून अर्थिंग केल्याचं वीज कंपनीने कळवेपर्यंत अशा झाडाला हात लावायचा नसतो. ओल्या फांदीतून वीज वाहते, आणि घरातले दिवे गेले म्हणजे तारही मेली असं नसतं. पण हे दारोदार सांगायला हवं होतं. तुमची गाडी वेळेत बाहेर निघाली असती. ते राहून गेलं. माफ करा.

दुसरा दिवस मात्र लागणारच होता. ओलं लाकूड घनमीटरला साधारण 800 ते 1000 किलो भरतं. म्हणजे 35 सेंमी जाड आणि 5 मीटर लांब तुकडा 400 किलोंच्या आसपास, वर पाला वेगळा. असा तुकडा अर्धा मीटर जरी मोकळा पडून दोराला हिसका बसला, तरी दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. म्हणून लहान तुकडे करायचे आणि खाली बुंध्याला वेढे दिलेल्या दोरावरून एकेक सावकाश सोडायचा. त्यात ही फांदी बेचक्यातून फाटून शेजारच्या फांदीत अडकलेली, धनुष्यासारखी ताणलेली. अशा फांदीची एक बाजू दाबाखाली असते, दुसरी ताणाखाली. ताणाकडून आधी कापलं तर ती उभी चिरते आणि कापणाऱ्याच्या छातीवर उसळते. दाबाकडून खोल गेलं तर मशीनची पट्टी चिमटीत सापडते. आधी दाबाच्या बाजूला उथळ काप, मग ताणाच्या बाजूने हळूहळू, हाच क्रम. चढणाऱ्याचा दोरही फाटलेल्या खोडाला चालत नाही. शाबूत खोड शोधावं लागतं.

झाड का ठेवलं? वादळानंतर आधी बुंध्याशी बघायचं असतं. वाऱ्याच्या बाजूची माती उचकटली असती, जमिनीत कमानीसारखी भेग पडली असती किंवा बुंधा ठोकल्यावर भद्द वाजला असता, तर आम्हीच पाडायला सांगितलं असतं. इथे यातलं काहीच नव्हतं. उरलेल्या बाजूला आता एकटीने वारा झेलायचाय, म्हणून तिची लांबी कमी केली: प्रत्येक शेंडा त्याच्या किमान एक तृतीयांश जाडीच्या पोटफांदीपर्यंत मागे घेतला. एकूण पाल्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढला नाही. सरसकट शेंडे छाटले असते तर कापाखालून कोंबांचा झुबका फुटला असता. ते कोंब वरवर चिकटलेले असतात, जाड झाले की तेच मोडून गल्लीत पडतात.

बुडाशी दिसते ती गाठ म्हणजे झाडाचा स्वतःचा फुगवटा. जखम तिथूनच मिटत येते. तो खोडालगत सपाट कापला की जखम मोठी होते आणि कूज खोडात शिरते. त्यासाठीच तीन काप घेतले: खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक, त्याच्या जरा पुढे वरून दुसरा, आणि वजन उतरल्यावर फुगवट्याच्या बाहेरून शेवटचा. खालचा काप चुकवला तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. जिथे वादळानेच साल फाडली होती, तिथे फक्त सुटलेल्या कडा धारदार सुरीने घट्ट सालीपर्यंत साफ केल्यात. डांबराबद्दल आमचं मत ठाम आहे: त्याने कूज थांबत नाही, उलट आत ओल कोंडते. कुणी वर पैसे देऊ केले तरी आम्ही ते लावत नाही.

बुंध्याशी नवी भेग, वाढता कल किंवा अळंबी दिसली तर गाडी तिथे लावू नका आणि आम्हाला लगेच फोन करा. फाटलेल्या बेचक्याची पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही वर चढून तपासणी करू, त्याचे पैसे घेणार नाही. येण्याआधी या वेळी प्रत्येक दारी सांगून येऊ.