‘ग्रेस्केल’वर खूण केली की काम झाले?

‘कृष्णधवल छायाचित्र छापताना ड्रायव्हरमध्ये ‘ग्रेस्केल’ निवडा; मग फक्त काळी शाई वापरली जाते, रंगाची झाक येत नाही आणि प्रोफाइलची गरजच उरत नाही,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. (ड्रायव्हर म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर; प्रोफाइल म्हणजे विशिष्ट प्रिंटर, शाई व कागद यांवर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल.) त्यातील तीन विधानांपैकी फक्त शेवटच्यात थोडे तथ्य आहे.

‘ग्रेस्केल’ म्हणजे चित्रातील रंग काढण्याची सूचना. करडा कोणत्या शाईतून उभा करायचा, हे ड्रायव्हर मुख्यतः निवडलेल्या कागदावरून ठरवतो. चार शायांच्या अनेक प्रिंटरांमध्ये काळी शाई साध्या कागदासाठीची असते, आणि ती चकचकीत कागदावर नीट बसत नसल्याने तेथे काळासुद्धा सायन (हिरवट निळ्या), मॅजेंटा (जांभळट गुलाबी) व पिवळ्या शायांच्या मिश्रणातून तयार होतो. खरोखर एकटीच काळी शाई वापरली, तर आकाशासारख्या उजळ भागात ठिपके इतके विरळ पडतात की चित्र दाणेदार दिसते. छायाचित्रांसाठीच्या प्रिंटरांत काळ्यासोबत एक-दोन करड्या शाया असतात, त्या याचसाठी.

झाकेचेही तसेच. मिश्रणातून आलेला करडा खिडकीच्या उजेडात तटस्थ आणि दिव्याखाली तांबूस किंवा हिरवट भासू शकतो. एकट्या काळ्या शाईनेही सुटका नाही, कारण कार्बनची शाई विरळ होताच तपकिरीकडे झुकते. एप्सन कंपनीच्या प्रिंटरांतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ या कृष्णधवल छपाईच्या पद्धतीत करड्या शायांबरोबर किंचित रंगीत शाई मिसळली जाते, ती हा कल सावरण्यासाठी. म्हणजे तटस्थ करड्यासाठीच रंग लागतो!

आता प्रोफाइल. अशा खास कृष्णधवल पद्धतीत छटांचे गणित ड्रायव्हरच करतो, त्यामुळे तेथे कागदाचे रंगीत प्रोफाइल वर लादू नये, इतके मान्य. मात्र नेहमीच्या रंगीत मार्गाने छापताना लाल, हिरवा व निळा यांची मूल्ये समान असली, तरी त्या विशिष्ट कागदावर किती शाई पडली म्हणजे करडा करडाच दिसेल, ही माहिती प्रोफाइलमध्येच असते. ते प्रोफाइल ज्या कागद-प्रकारासाठी तयार झाले, तोच प्रकार ड्रायव्हरमध्ये निवडावा लागतो. नाहीतर शाईचे प्रमाण बदलते आणि प्रोफाइल निरर्थक ठरते. माझ्या मते बहुतेक बिघाड दुहेरी दुरुस्तीतून होतात: फोटोशॉपमध्ये प्रोफाइल लावलेले असते आणि ड्रायव्हरमधील रंगसुधारणाही चालूच राहते. दोहोंपैकी एकच चालू ठेवावी, आणि छायाचित्राआधी 21 पायऱ्यांची करडी पट्टी छापून गडद टोकाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या आहेत का, ते शाई वाळल्यावर पाहावे.