रात्री दोन वाजता तिथं डॉक्टर कोण असतो?

बालाजीनं कट्ट्यावर आणलेलं माहितीपत्रक चकचकीत होतं. पुढच्या पानावर हिरवळीवर योगासनं करणारी पोरं, आतल्या पानावर जेवणाची पंगत, मधोमध ठळक अक्षरांत ‘किशोरवयीन व प्रौढांसाठी मानसोपचार आणि व्यसनमुक्ती, एकाच छताखाली’. त्याखाली लाल चौकटीत ‘100 टक्के खात्री’. केंद्राचं नाव इथं लिहीत नाही. असली पत्रकं लातुरात, नांदेडात, परभणीत कुठंही हातात पडतात आणि मजकूर साधारण सारखाच असतो.

बालाजीला घरातल्या दोघांची सोय लावायची होती. एक त्याचे दाजी. सकाळी उठलं की हात थरथरतात, चहाचा कप धरता येत नाही, म्हणून आधी क्वार्टर. दुसरा थोरल्या भावाचा पोरगा, वय 17, नीटच्या तयारीसाठी लातुरात खोली करून राहिलेला. दिवाळीपासून त्याची झोप उडाली, क्लासला दांड्या सुरू झाल्या, आणि गेल्या आठवड्यात दप्तरात बटन गोळ्यांची पट्टी सापडली. केंद्रवाले फोनवर म्हणाले, दोघांनाही आणा, तीन महिन्यांचं पॅकेज आहे, पैशात सवलत देऊ. यायला तयार नसले तर आमची माणसं गाडी घेऊन घरी येतील.

“मग नेऊ द्या की उचलून,” आबा म्हणाले. आबा एसटीतून निवृत्त झालेत, औसा रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर सगळ्यात वडीलधारे. “दाजी काय आपल्या पायानं जाणाऱ्यातले हायेत का? तीन महिने कोंडून पडले की उतरंल सगळी.”

सिस्टरताई तेवढ्यात ड्युटी संपवून आल्या होत्या. चहा हातात घ्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, “बालाजी, रात्री दोन वाजता तिथं डॉक्टर कोण असतो, हे विचारलंस का?”

त्यानं विचारलं नव्हतं. खोल्या किती, जेवण कसं, टीव्ही आहे का, एवढंच विचारलं होतं. कुणीही तेच विचारतं.

मग ताईंनी जे सांगितलं ते मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडं हे माहीत नसल्यामुळं माणसं जातात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू थांबवली की सहा तासांपासून चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. बहुतेकांना फिट यायची असली तर ती पहिल्या दोन दिवसांत येते. त्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी पळते. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमन्स म्हणतात, वॉर्डात नुसतं ‘डीटी’. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. उपचार आहेत आणि ते महागही नाहीत: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं मोजून द्यायची आणि रोज कमी करत न्यायची, बी-1 म्हणजे थायमिनची इंजेक्शनं द्यायची, नाडी आणि बीपी दर काही तासांनी बघायचं.

“आणि नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून बसायचं नाही,” ताई म्हणाल्या. “आधी बी-1. ते न देता ग्लुकोज ढकललं तर अशा पेशंटच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आमच्याकडं एका केंद्रातून माणूस आणला होता, तिसऱ्या रात्री. हातापायाला दोरीचे वळ. त्यांना वाटलं होतं, नाटक करायलाय.”

तो वाचला का, असं कुणीतरी विचारलं. ताईंनी मान हलवली, आणि नाही म्हणाल्या.

सलीमभाईंचं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळं गोळ्यांचा विषय निघाला की ते गप्प बसत नाहीत. बटन गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम असल्या झोपेच्या गोळ्या. या एच-1 मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत मोडतात. चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिल्या याची वेगळी नोंद दुकानदारानं तीन वर्षं जपून ठेवायची असते. “तरी पोरांना मिळतेत,” ते म्हणाले, “आणि कुठून मिळतेत ते आपल्या सगळ्यांना ठाऊक हाय. पण बालाजी, ही गोळीसुद्धा एकदम तोडायची नसती बरं का. दारूसारखीच फिट येती. महिनोन्‌महिने खाल्ली असंल तर हळूहळू कमी करावी लागती. तुझं केंद्र पहिल्याच दिवशी सगळं काढून घेतो म्हणतंय.”

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भिंतींवर ‘गुपचूप दारू सोडवा’ असं रंगवलेलं असतं, ती पूड किंवा डायसल्फिरामची गोळी बायका नवऱ्याच्या भाजीत कालवतात. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे आणि त्याची तयारी असली पाहिजे. पोटात गोळी आणि वरून दारू, की बीपी कोसळतं, हृदयावर ताण येतो. जी बाई नवरा वाचावा म्हणून हे करते, तिच्या हातून भलतंच होऊन बसतं. सलीमभाई विचारायला आलेल्या अशा बायकांना परत पाठवतात आणि डॉक्टरकडं जायला सांगतात.

मास्तरांनी मोबाईलवर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा काढला होता. या कायद्यातल्या मानसिक आजारात दारू आणि अंमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या अवस्थाही येतात. म्हणून मनोरुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. ही नोंदणी बघायला मागणं हा आपला हक्क आहे, आणि ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे त्यावरचं उत्तर होत नाही.

मग पोराचा मुद्दा निघाला आणि इथं मास्तर तापले. पत्रकात नियमांच्या पानावर लिहिलं होतं, पहिले 21 दिवस पालकांना भेट नाही, फोन नाही. कायदा याच्या बरोबर उलटं सांगतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासून, दाखल करण्यावाचून इलाज नाही असं ठरवावं लागतं. त्याची व्यवस्था मोठ्यांपासून वेगळी हवी. आणि आईबाप किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण मुक्कामभर त्याच्यासोबत राहतं. मुलगी असेल तर सोबतीला बाईच हवी. दाखल केल्याची माहिती 72 तासांत मानसिक आरोग्य मंडळाला द्यावी लागते.

“आणि हे म्हणायलेत, दाजींना आणि पोराला एकाच हॉलमध्ये ठेवू, एकमेकांचा आधार होईल,” मास्तर म्हणाले. “सतरा वर्षांचं लेकरू चाळिशीतल्या दारुड्यांच्यात तीन महिने झोपवायचं? तिथून ते काय शिकून येईल?”

बालाजी म्हणाला, “मास्तर, तिथं सगळेच सोडायला आलेले असतेत की.”

“सोडायला आणलेले असतात. आलेले किती, ते विचार.”

मला स्वतःला पोराबद्दल वाटतं ते असं. त्याची झोप आधी गेली आणि गोळी नंतर आली. म्हणजे गोळीच्या मागं काहीतरी आहे. नैराश्य असेल, अतिचिंता असेल, आणखी काही असेल. ते कट्ट्यावर बसून आपल्याला ठरवता येणार नाही आणि माहितीपत्रकालाही नाही. ज्या केंद्रात सगळ्यांना सकाळी एकच प्रार्थना, दुपारी एकच भाषण आणि रात्री एकच गोळी, तिथं त्या पोराचं निदान कोण करणार? व्यसन आणि मनाचा आजार एकाच माणसात असतात तेव्हा दोन्हींवर एकाच वेळी उपचार लागतात. ‘मानसोपचार आणि व्यसनमुक्ती’ एवढं पाटीवर लिहून ते होत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञ तिथं हजर लागतो, पंधरा दिवसांतून एकदा गाडीनं येऊन सह्या करून जाणारा नाही.

आबा इतका वेळ ऐकत होते. आता ते उसळले. “कायदा-कायदा लावलाय. त्या बाईच्या अंगावरचे वळ कायद्यानं बुजतेत का? बालाजीची बहीण रोज मार खाती. तिनं दोन डॉक्टर कुठून हुडकायचे? माझा चुलतभाऊ असाच गेला. घरचे वाट बघत बसले आणि तो गेला.”

हे खोटं नाही. मराठवाड्यातल्या घराची दमछाक पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही सरकारी मनोरुग्णालयं जुनी, पण त्यातलं एकही आपल्याकडं नाही. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस माणसांतल्या एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. उरलेल्या सदतीस घरांत काय चाललं असेल, ते आबांच्या आवाजात होतं.

ताईंनी त्यांना शांतपणे उत्तर दिलं. घरच्यांच्या अर्जावर दाखल करायला कायद्यानं बंदी नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासून त्याला तीस दिवसांपर्यंत ठेवता येतं. पुढं ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मंडळाची परवानगी. अगदी जिवावर बेतलं तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. तीन महिन्यांचे पैसे आधीच भरून घेणं यात कुठंच बसत नाही. मारहाणीसाठी 112 आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. “आबा, मारतो म्हणून त्याला दवाखान्यात टाकायचं, ही शिक्षा झाली. उपचार आणि शिक्षा एका खोलीत चालत नाहीत.”

“मग माळ घाला त्याला पंढरपूरला नेऊन,” आबा म्हणाले.

“जरूर घाला. माळेनं सुटलेली माणसं माझ्या घरात आहेत. पण पहिले चार दिवस त्यांना माझ्या वॉर्डात द्या, माळ पाचव्या दिवशी.”

यावर आबा काही बोलले नाहीत, पण पटलं असंही म्हणाले नाहीत.

‘100 टक्के खात्री’वर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. व्यसन परत उलटण्याचं प्रमाण अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज 40 ते 60 टक्के सांगते, आणि रक्तदाब, दमा यांसारख्या जुनाट आजारांशी त्याची तुलना करते. म्हणून केंद्राला खरं विचारायचं ते सुटी झाल्यानंतरचं. पंधरा दिवसांनी कोण बघणार? ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी औषधं कोण चालू ठेवणार? बायकोशी कोण बोलणार? पुण्याचं मुक्तांगण 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरालाही सोबत लागते, हे महाराष्ट्रात अनेकांना तिथल्या कामातून कळलं. पोराच्या बाबतीत तर मनोरुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं फार जोखमीचे असतात. तेव्हाच त्याला परत त्या भाड्याच्या खोलीत एकटं सोडायचं का, हे भावानं आजच ठरवलं पाहिजे.

विम्याचं थोडक्यात. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं हाच कायदा सांगतो. व्यसनाबद्दल मात्र पॉलिसीतलं कलम वाचून घ्यावं.

शेवटी बालाजीनं केंद्राला फोन लावला, स्पीकरवर. रात्री डॉक्टर कोण? “सर ऑन कॉल असतात.” किती लांब राहतात? “ते बाहेरगावी असतात, पण फोन उचलतात.” नोंदणीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवाल का? “इथं आल्यावर दाखवू.” मुलासोबत त्याची आई राहील, चालेल का? “नाही, मग पेशंट सुधारत नाही.” मास्तर काहीतरी बोलणार होते, ताईंनी हातानंच थांबवलं. बालाजीनं “बरं” म्हणून फोन ठेवला.

कट्ट्यावर ठरलं ते एवढंच. पोराला आईबापासोबत उद्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत न्यायचं. दाखल करायची गरज आहे की घरी ठेवून भागेल, ते डॉक्टर सांगतील. तोवर रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर भावाच्या आणि पोराच्या दोघांच्याही मोबाईलमध्ये टाकून द्यायचा. तिथं फोनवर मराठीतही बोलता येतं. दाजींनाही त्याच दिवशी दाखवायचं, पण वेगळ्या गाडीनं, बहीण सोबत असताना. आबांचं म्हणणं, दाजी जिन्यावरूनच पळून जातील. सलीमभाई म्हणाले, मी येतो संगं.

बालाजीनं मग बहिणीला फोन केला. “अक्का, आज रात्री त्यांची बाटली लपवू नको, भांडूबी नको. एकदम बंद झाली तर फिट येती. आता कामून ते उद्या सांगतो. आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या पिशवीत टाकून ठेव. आठला येतो.”