खेळण्यांचं मशीन गोळ्यांच्या ‘दुप्पट’ कमावतं? आधी हिशेब मांडा

सोलापुरात व्यवसायाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय. नाणं टाकून मूठ फिरवायच्या मशीनमध्ये खाऊच्या गोळ्या भरू नका, खेळण्यांच्या कॅप्सूल (आत खेळणं असलेल्या प्लास्टिकच्या बंद डब्या) भरा. नफा दुप्पट, माल कधी खराब होत नाही, कुठलंही नाणं चालतं, मशीन कुठेही ठेवा. असं वाचून पैसे घालणारा बहुतेक छोटा दुकानदारच असतो, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘नफा दुप्पट’

दुप्पट असते ती विक्रीची किंमत. कॅप्सूल १० रुपयांना आणि गोळ्या ५ रुपयांना जातात, एवढाच त्याचा अर्थ. समजा, कॅप्सूल ४ रुपयांना पडली आणि जागेच्या मालकाला २५ टक्के दिले, तर हातात ३.५० उरतात. गोळ्या १५० रुपये किलोच्या आणि एका फेरीला, म्हणजे मूठ एकदा फिरवल्यावर, ८ ग्रॅम पडत असतील, तर माल १.२० चा, मालकाचा वाटा १.२५, उरले २.५५. म्हणजे फेरीमागे फरक फक्त ९५ पैशांचा.

खरा फरक फेऱ्यांच्या संख्येत आणि माल भरायला होणाऱ्या तुमच्या खेपांमध्ये आहे. खेळणं महिन्याला ४० वेळा विकलं, एक खेप झाली, पेट्रोल-वेळ ५० रुपये धरला, तर ९० रुपये राहिले. गोळ्यांना महिन्यात दोन खेपा लागतात, म्हणजे १०० रुपये खर्च. या हिशेबात ७५ फेऱ्या झाल्या तर गोळ्या खेळण्यांच्या पुढे जातात, त्याखाली मागे पडतात. आकडे आपापले घाला, पण गणित हेच करा.

८ ग्रॅमही गृहीत धरू नका. मूठ फिरवली की मशीनमधलं चाक फिरतं आणि त्याचा कप्पा वजनावर नाही, घनफळावर गोळ्या सोडतो. गोळीचा आकार बदलला की वजन बदलतं. २० फेऱ्या फिरवून सगळा माल वजनकाट्यावर ठेवा, २० ने भागा. मालाचा ब्रँड बदलला की पुन्हा मोजा. बहुतेक तोटा इथेच गळतो, आणि तो दिसत नाही.

‘कुठलंही नाणं चालतं’

मेसेजमधला सर्वात धोकादायक मुद्दा हाच. यांत्रिक खटका नाण्याचा व्यास आणि जाडी पाहतो, त्यावरचा आकडा वाचत नाही. २०११ च्या मालिकेतलं ५ चं नाणं २३ मिमी, २०१९ च्या मालिकेतलं २५ मिमी. आणि २०१९ चं २ रुपयांचं नाणं? तेही २३ मिमी! जुन्या ५ साठी कापलेल्या खाचेत नवं २ चं नाणं बसू शकतं. जाडीची पट्टी सैल असेल तर गोळ्या २ रुपयांत जातात.

१० चं नाणं २७ मिमी, २० चंही २७ मिमी, फक्त २० चं बारा कोनी. ते अडकतं, किंवा गिऱ्हाइकाने चुकून टाकलं तर भांडण होतं. म्हणून मशीन घेण्याआधी १, २, ५, १०, २० ची जुनी-नवी सगळी नाणी खाचेत टाकून पाहा. १० ची सगळी नाणी वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलंय, तरी काही ठिकाणी दुकानदार ती घेत नाहीत. जिथे ती गल्ल्यात फिरत नाहीत, तिथे १० चं मशीन मुलाच्या हातात नाणंच नसल्याने बंद पडतं.

‘माल खराब होत नाही’

गोळ्यांबाबतची भीती खरी आहे. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्या एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात चॉकलेटचा माल भरूच नका. साखरेची कडक गोळी टिकते, पण पावसाळ्यात ओल धरून गोळा होतो आणि चाक अडतं. डबा धुतल्यावर पूर्ण वाळवूनच भरा. नव्या मालाची भर टाकताना तळाच्या कोपऱ्यात बसलेला जुना माल आधी काढा. तो आपोआप सरकत नाही. शेंगदाणे भरले तर तेलामुळे खवट होतात.

पण खेळणीही खराब होतात, वेगळ्या रीतीने. उन्हात कॅप्सूल ठिसूळ होते, झाकण उघडून चाकात तुकडा अडकतो. दुसरं, मुलांना हवी ती खेळणी आधी संपतात आणि तळाशी नको असलेल्या अंगठ्या उरतात. काचेवर दाखवलेली गाडी आतच नसेल, तर रडणाऱ्या मुलाची तक्रार दुकानदाराकडे जाते आणि तो मशीन उचलायला सांगतो. म्हणून प्रत्येक खेपेला आतला जवळपास तिसरा हिस्सा बदला.

‘कुठेही ठेवा’

मूल मोठ्यांसोबत थांबतं तिथे खेळणं चालतं: नवी पेठेतलं कपड्यांचं दुकान, कौटुंबिक हॉटेल. गॅरेज, सलूनमध्ये गोळ्या. गड्डा यात्रेत (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) मात्र खेळण्यांचं मशीन नको. शेजारच्या पालावर मूल वस्तू हातात घेऊन निवडतं, बंद कॅप्सूल तिथे हरते. शिवाय धूळ खटक्यात बसते.

कागदपत्रांचा उल्लेख मेसेजमध्ये नाहीच. गोळ्यांसाठी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे घाऊक बाजारातली खुली स्वस्त खेळणी भरता येत नाहीत. चिन्हाची खेळणी घेतली की वरचा ४ रुपयांचा आकडा वाढतो. तो वाढवूनच गणित पुन्हा मांडा.